खोटी मुलाखत

घाबरलेली माणसं चपला बाहेर काढून आत येत. माझी खोली म्हणजे काही कुणाचं घर नव्हतं, की देऊळ नव्हतं. नालासोपाऱ्यात आचोळ्याला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरचा तो गाळा. एक टेबल, चार खुर्च्या, एक पंखा आणि बाहेर 'नोकरीविषयक मदत' अशी पाटी. फरशीही जपावी अशी काही नव्हती. तरी माणूस उंबऱ्याशी थबकायचा, चपला काढायचा, जोडी नीट लावून ठेवायचा आणि अनवाणी आत यायचा. "अहो, घाला चपला," मी म्हणायचे. "असू दे मॅडम," तो म्हणायचा. मला तेवढ्यावरून कळायचं, की याच्याकडे इंग्रजी नसेल, अनुभव नसेल, काहीही नसेल, ते सगळं नंतर बघू. आधी याच्या पायात चपला घालायला हव्यात.

आता तो गाळा मी सोडला. निम्मं कारण माझे गुडघे आणि निम्मं कारण मोबाइल. हल्लीची मुलं अंगठ्याने अर्ज करतात, मुलाखतही फोन भिंतीला टेकवून देतात. चांगलंच आहे. मी गासला, आमच्या गावी, घरीच असते. सकाळी वाडीत फेरी मारते, मोगऱ्याच्या कळ्या खुडते, बावखलाच्या काठावर बसते. आमच्याकडे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला बावखल म्हणतात. तिथे बसलं की कधीकधी ताज्या पिठाचा वास आल्यासारखा वाटतो. वाडीत पीठ कुठलं? तो वास आचोळ्याचा. माझ्या गाळ्याला लागून गुप्ताजींची पिठाची गिरणी होती आणि मधली भिंत नावापुरती. गिरणी सुरू झाली की माझ्या टेबलावरचा पेला थरथरायचा. सुरुवातीला मी त्या आवाजाला फार वैतागले. मग लक्षात आलं, की हा आवाज माझ्या कामाचा आहे. तोंडातल्या तोंडात बोलणाऱ्यांना मी मुद्दाम गिरणीच्या वेळेला बोलवायला लागले. गहू दळले जात असताना जो आपलं नाव, गाव आणि शिक्षण मला ऐकू येईल असं सांगू शकला, तो कुठल्याही साहेबासमोर सांगू शकतो.

हा धंदा काय आहे, हे थोडक्यात सांगते, कारण माझ्या नणंदेलाही तो शेवटपर्यंत कळला नाही. वसई पूर्वेला लहान लहान कारखाने आहेत. गावात दवाखाने, शाळा, दुकानं, हिशेबनिसांची ऑफिसं आहेत. त्यांना माणसं लागतात. मोठ्या कंपन्यांसारखा माणसं निवडायचा वेगळा विभाग त्यांच्याकडे नसतो. मालक मला फोन करायचे, "बाई, पॅकिंगला एक जण पाठवा. काउंटरला एक मुलगी पाठवा, पण बोलकी." आणि नालासोपाऱ्यात तर काम शोधणारं माणूस दर दुसऱ्या दारात. मी या दोघांची गाठ घालून द्यायचे. माझा मोबदला मालकाकडून. काम शोधणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही, हा माझा नियम होता. पण गाठ घालून देणं हे कामाचं लहानसं टोक. खरं काम त्याच्या आधीचं. माणसाला समोर बसवायचं आणि त्याची खोटी मुलाखत घ्यायची. मी साहेब, तो उमेदवार. चुकला तर परत. माणसं हसायची, लाजायची आणि हळूहळू त्यांची भीती समोर टेबलावर यायची. ती एकदा दिसली की तिचं काहीतरी करता येतं.

मला ही भीती ओळखीची होती. मी स्वतः वसईतल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत कामगारांची हजेरी, भरती हे सगळं बघत होते. कंपनी गुजरातला गेली. आम्ही इथेच राहिलो. चाळिशी उलटल्यावर मी पुन्हा नोकरी मागायला निघाले, तेव्हा मला सगळ्यात धास्ती होती ती माझ्या जिभेची. आमची घरची बोली वेगळी, शाळेतली मराठी वेगळी. मी रागावले किंवा घाबरले की घरची बोली बाहेर येते. एका ऑफिसात ती आली आणि समोरचे गृहस्थ गालात हसले. घरी येताना मी वाडीच्या कुंपणाशी उभी राहिले. आत जाववेना. माझा नवरा सायमन केळीला पाणी देत होता. तो नुसतं म्हणाला, "आलीस? चहा ठेव दोघांना." त्याने काही विचारलं नाही, याबद्दल मी त्याचे आजही उपकार मानते.

म्हणून मिठागराकडच्या गावातली एक मुलगी 'पानी', 'कोन', 'लोनी' असं बोलायची, तिने मला विचारलं, "मॅडम, माझा ण सुधरेल का?", तेव्हा मी तिला म्हणाले, "तुझ्या आईला तुझं बोलणं कळतं ना? मग ते बरोबर आहे. तू फक्त पाणी मागताना मान खाली घालू नकोस." एका दवाखान्याच्या काउंटरवर ती लागली. तिथे येणाऱ्या कोळणी रांग सोडून तिच्याच खिडकीशी गर्दी करतात, अशी तक्रार डॉक्टरांनी माझ्याकडे केली होती. तक्रार करताना ते हसत होते.

नालासोपाऱ्याचा पत्ता सांगायला लाजणारे तर कितीतरी. 'कुठे राहता?' म्हटलं की 'वसई साइडला' म्हणायचे. मी विचारायचे, "साइडला म्हणजे खाडीत का?"

पण मला सांगायचंय ते मांडवकरांबद्दल.

अनंत मांडवकर हे मूळचे राजापूरकडचे. मुंबईतल्या एका छापखान्यात मशीनवर होते. लग्न झालं तसे आचोळ्याला राहायला आले आणि त्याच छापखान्यात जात राहिले. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळाला बारीकसं गंध, आणि अर्थात चपला बाहेर. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, कुणी उठ म्हणालं तर उठायला सोपं जावं असे.

मी विचारलं, "वय?"

"वय जरा जास्त आहे हो बाई." गुन्हा कबूल केल्यासारखा स्वर.

"किती, ते सांगा."

"बावन्न. पण तब्येत चांगली आहे. बीपी नाही, शुगर नाही. चष्मा फक्त वाचायला..."

"मांडवकर, मी फक्त वय विचारलं."

हे त्यांचं दुखणं. मी त्यांना चार-पाच ठिकाणी पाठवलं. प्रत्येक ठिकाणी वयाचा प्रश्न यायचा आणि हे त्या प्रश्नापुढे इतकं लोटांगण घालायचे, की समोरच्याला वाटायचं, खरंच काहीतरी मोठा दोष असणार. "कळवतो," असं ऐकून परत यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याकडे हजर. "काही आलं का बाई?" नाही म्हटलं की तिथेच बसायचे. घरी जायला त्यांना नको वाटायचं, हे मला दिसत होतं. मी त्यांना कधी उठवलं नाही. पाणी भरून ठेवणं, पंखा पुसणं, अशी कामं ते न सांगता करायला लागले.

मग एकदा ते मुलीला घेऊन आले. अश्विनी. बी.कॉम. झालेली, वडिलांसारखीच सडपातळ, केसांची घट्ट वेणी.

"हिला जरा बोलायला शिकवा," मांडवकर म्हणाले. आणि लगेच, "पण बाई, आधी माझं बघा. मग हिचं. मी लागलो की हिला घाई नाही."

मुलगी खाली बघत होती. तेव्हा मला ते साधं वाटलं. कुठलाही बाप असंच म्हणेल.

पण अश्विनीला शिकवण्यासारखं काही नव्हतंच. खोट्या मुलाखतीत ती इतकं नेटकं बोलायची, की गिरणीच्या आवाजातही मला कान द्यावा लागायचा नाही. मी खूश. तिला एका दुकानाच्या हिशेबाला पाठवलं. तिथून फोन आला, "बाई, मुलगी काही बोललीच नाही." होतं असं पहिल्यांदा. दुसऱ्या ठिकाणी पाठवलं. तिथेही तेच. "हो-नाही करत होती. आवड दिसली नाही." मी तिला पुन्हा समोर बसवलं, पुन्हा सगळं घोटून घेतलं. माझ्यासमोर घडाघडा, तिथे गेल्यावर मुकी. मला वाटलं, खऱ्या साहेबाची भीती बसलीय. असे उमेदवार असतात. त्यांना अनोळखी माणसांसमोर बसवावं लागतं. म्हणून मी गुप्ताजींना गिरणीतून बोलावून साहेब केलं. अंगभर पीठ लागलेला साहेब बघूनही ती न हसता उत्तम बोलली.

मग तिसरा फोन आला. तो एका रक्त तपासणाऱ्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा. त्या म्हणाल्या, "ब्रिजिताबाई, मला तुमची मुलगी आवडली होती. मी तिला म्हटलं, सोमवारपासून ये. तर ती म्हणाली, मला ही नोकरी नको. मग आली कशाला?"

मी संतापले. माझा शब्द त्या बाईंकडे खाली पडला होता. संध्याकाळी अश्विनीला बोलावलं. मांडवकर त्या दिवशी कुठल्याशा कारखान्यात विचारायला गेले होते, ते बरंच झालं.

"नोकरी नको आहे, तर माझा वेळ का घेतेस?" मी विचारलं.

"हवी आहे मॅडम."

"मग?"

ती बराच वेळ वेणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी ओरडायच्या बेतात होते, तेवढ्यात ती म्हणाली, "आई अजून बाबांचा डबा भरते."

मला कळेना.

"रोज सकाळी. छापखान्यात जायचे तेव्हा भरायची तसा. चपाती, भाजी, वर लोणचं. झाकण लावून ओट्यावर ठेवते आणि कामाला जाते. आई साड्यांना फॉल लावायच्या कामाला जाते ना. बाबा दुपारी तो डबा उघडून घरी जेवतात. ताटात वाढून घेतलेलं त्यांना आवडत नाही. म्हणतात, सुट्टीच्या दिवशी ताटात जेवायचं." ती थांबली. "मला नोकरी लागली, तर आई माझा डबा भरेल. त्यांच्या डब्याच्या शेजारी ठेवेल. मी माझा उचलून निघून जाणार. आणि त्यांचा तिथेच राहणार. बाबा बघत असतील."

गिरणी चालू होती. पहिल्यांदाच मला तिचं बोलणं पुढे झुकून ऐकावं लागलं.

"त्यांच्या आधी मला नाही लागली पाहिजे," ती म्हणाली. "आत गेल्यावर साहेब विचारायला लागले, की मला तो ओटाच दिसतो."

इतकी वर्षं मी नोकरी न मिळण्याची भीती बघत आले होते. नोकरी मिळण्याची भीती माझ्यासमोर पहिल्यांदा बसली होती. माझ्याजवळ तिच्यावर काही तयार औषध नव्हतं. मी तिला म्हणाले, की मी तुझ्या बाबांशी बोलते. ती ताडकन उभी राहिली.

"नाही मॅडम. तुम्ही त्यांना सांगितलंत तर मी परत इथे येणार नाही. शपथ घ्या."

शपथ आमच्यात घेत नाहीत, पण शब्द दिला. या कामात एकाचं दुसऱ्याला सांगायचं नसतं, तो नियम होताच. आता त्या नियमाने माझेच हात बांधले.

पुढे जे झालं, त्यात माझी हुशारी काही नाही. श्रेय द्यायचं तर माझ्या घशाला. वर्षानुवर्षं गिरणीशी स्पर्धा करून तो बसला. डॉक्टरने तपासलं आणि बजावलं, महिनाभर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. आता बोलायचं नाही म्हणजे गाळा बंद. आणि मुलाखतीला जाणारी मुलं तर रांगेत. मी कागदावर लिहून मांडवकरांना सांगितलं, की तुम्ही माझ्या खुर्चीत बसा. प्रश्न विचारा. रोज ऐकता, तुम्हाला पाठ आहेत.

ते दचकलेच. "मी? साहेबाच्या खुर्चीत?"

मी खुर्ची ओढून दाखवली. ते बसले, आधी कडेवर, मग जरा मागे सरकून. पहिला मुलगा आला तो चपला काढून. मांडवकर त्याला म्हणाले, "घाला हो चपला. पाय गार पडतील." मग त्याला पाणी दिलं. तो प्यायला, ओठ पुसले, तोपर्यंत हे गप्प बसून राहिले. पुढे त्यांनी सगळ्या प्रश्नांत एक गोष्ट केली, जी मला कधी जमली नव्हती. माणूस अडखळला की ते त्याच्याकडे बघत राहायचे नाहीत. नजर खिडकीबाहेर न्यायचे, त्याला सावरायला उसंत द्यायचे. मी कोपऱ्यात बसून हे बघत होते. नोकरी मागणाऱ्याला कुठे लागतं, हे त्यांना आतून माहीत होतं.

काही दिवसांनी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ आले. त्यांनीही सुरुवात केली, "वय जरा जास्त आहे साहेब..." आणि मग बीपी, शुगर, चष्मा. ते गेल्यावर मांडवकरांनी त्यांचा रिकामा पेला उचलून ठेवला. मग मला म्हणाले, "बाई, मी पण असंच करतो का हो?"

मी जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

"इतकं वाईट?"

मी हाताने दाखवलं, याच्याहून जास्त. ते हसायला लागले. ते हसलेले मी तोपर्यंत पाहिले नव्हते. माझ्या गळ्यातून आवाज निघत नव्हता, तरी मीही हसले.

त्याच सुमारास वसईतल्या एका हिशेबनिसांच्या ऑफिसातून अश्विनीसाठी बोलावणं आलं. खरं तर मी तिला आणखी पाठवणार नव्हते. पण त्यांना बी.कॉम. मुलगीच हवी होती. तयारीला ती शनिवारी दुपारी आली. आत पाऊल टाकलं आणि माझ्या खुर्चीत वडील बसलेले पाहून दारातच थांबली. ती मागे फिरायच्या बेतात होती. मी उठून तिचा हात धरला आणि तिला खुर्चीत बसवलं. मी न बोलण्याचा शब्द दिला होता आणि बोलू शकतही नव्हते. बसवता मात्र येत होतं.

मांडवकरांनी तिला पाणी दिलं. मग चष्मा लावला आणि म्हणाले, "नाव सांगा."

"बाबा, काहीतरीच..."

"बाबा कोण? मी ओळखत नाही. नाव सांगा."

तिने सांगितलं. शिक्षण सांगितलं. बाकीचे नेहमीचे प्रश्न झाले. ती नीट बोलत होती, पण बघत होती माझ्याकडे. मग मांडवकर म्हणाले, "आमच्याकडे कॅन्टीन नाही. डबा आणावा लागेल. चालेल?"

हा प्रश्न माझा नव्हता. त्या ऑफिसातल्या माणसाने फोनवर मांडवकरांना तसं म्हटलं होतं आणि त्यांनी तो आपला घालून दिला. त्यांच्या डोक्यात दुसरं काही नसावं. पण अश्विनीचा चेहरा पांढरा पडला. ती वेणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. मांडवकरांनी नजर खिडकीबाहेर नेली. बाहेर रिक्षावाले कुणाशी तरी हुज्जत घालत होते.

"सर," ती म्हणाली, "आमच्या घरी एकच डबा भरतात."

मांडवकरांची मान हळूच वळली.

"दोन भरायला काय हरकत आहे?" त्यांनी विचारलं. स्वर साहेबाचाच होता, पण खाली आला होता.

"ज्यांचा भरतात, त्यांना वाईट वाटेल."

पुढचं त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. पुसतच राहिले. शेजारचं दळण संपलं आणि गिरणी थांबली, त्यामुळे तर खोली फारच शांत झाली. मला वाटलं, आता हे उठून जाणार. किंवा तिच्यावर ओरडणार. मी उगीचच खुर्चीची दांडी धरून ठेवली होती.

"त्यांना वाईट वाटेल, असं ते म्हणाले?"

"नाही सर."

"मग त्यांना विचारायचं होतं."

"भीती वाटली."

मांडवकरांनी चष्मा परत लावला. "वाईट वाटेल," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पहिले चार दिवस वाटेल. मग सवय होईल. पण त्यांच्यामुळे तुम्ही घरात बसलात, असं त्यांना नंतर कधी कळलं, तर ते कशाने भरून निघणार? तुम्ही त्यांना सांभाळता की त्यांचं ओझं वाढवता?"

अश्विनी रडत होती. पण बसली होती ताठ.

"पुढचा प्रश्न," मांडवकर म्हणाले. "कामावर कधीपासून येऊ शकाल?"

"लगेच, सर."

"ठीक आहे. तुम्ही जाऊ शकता."

ती गेली नाही. टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ आली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. ते तिच्या वेणीवरून हात फिरवत माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, या उमेदवाराचं काय करायचं?" मी बाहेर गेले. गुप्ताजींच्या ओट्यावर बसले आणि पिठाने माझी साडी पांढरी झाली, तरी उठले नाही.

अश्विनीला ती नोकरी लागली. पहिल्या दिवशी घरी काय झालं, ते मी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलंही नाही. मांडवकर मात्र नेहमीच्या वेळेला गाळ्यावर आले. शर्ट तसाच कडक, पण चेहरा उतरलेला. दिवसभर मुलाखती घेतल्या. अधूनमधून घड्याळ बघत होते. संध्याकाळ झाली तसे म्हणाले, "सुटली असेल आता," आणि नेहमीपेक्षा लवकर निघाले. असे काही दिवस गेले. त्यांनी म्हटल्याप्रमाणे चारच होते की जास्त, मला माहीत नाही. एकदा ते येताना शीळ घालत आले, एवढं आठवतं.

माझा आवाज परत आला, तरी मी त्यांना खुर्चीतून उठवलं नाही. आम्ही आळीपाळीने बसायचो. आणि मग विरार पश्चिमेच्या एका मोठ्या वसाहतीच्या कमिटीने मला कळवलं, की सोसायटीच्या ऑफिसात व्यवस्थापक हवाय. पाणी आलं नाही, लिफ्ट अडकली, वरच्या मजल्यावर मुलं नाचतात, अशा तक्रारी दिवसभर घेऊन लोक येणार. त्यांचं शांतपणे ऐकून घेणारा माणूस पाहिजे. आधीचे दोघे भांडून सोडून गेले होते.

मी मांडवकरांना सांगितलं. ते म्हणाले, "मी मशीनवरचा माणूस, बाई."

"होतात," मी म्हणाले. "मी गेले कित्येक महिने बघतेय. तुमच्यासमोर बसलेला माणूस येताना असतो त्यापेक्षा जाताना बरा असतो. त्यांना तेच हवंय."

त्यांनी एक रात्र विचार केला आणि हो म्हणाले. मात्र मी सोबत यावं, अशी अट घातली. उमेदवारासोबत जायचं नाही, हाही माझा एक नियम. तो मोडला. सोसायटीच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर मी बसले. दार अर्धवट उघडं होतं. कमिटीचे तिघे जण समोर होते. मांडवकर आत गेले आणि खुर्चीत मागे टेकून बसले. तेवढ्यानेच माझा जीव भांड्यात पडला.

"वय काय आपलं?" कुणीतरी विचारलं.

"बावन्न पूर्ण. त्रेपन्नावं चालू आहे," मांडवकर म्हणाले.

आणि थांबले. पुढे एक शब्द नाही. मी बाहेर श्वास रोखून बसले होते. तिकडे कमिटीने पुढचा प्रश्न विचारलासुद्धा.

ते बाहेर आले. फाटकाबाहेर चहाची टपरी होती, तिथपर्यंत आम्ही चालत गेलो. त्यांनी दोन चहा सांगितले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एक तारखेपासून या म्हणाले."

माझ्या तोंडून घरच्या बोलीत काहीतरी निघून गेलं. काय, ते आता आठवत नाही. टपरीवाला चमकून बघायला लागला.

मांडवकरांनी अश्विनीला फोन लावला. तिने उचलला नाही, कामात असणार. "घरी लावा," मी म्हणाले. "वहिनींना सांगा." त्यांनी नकारार्थी मान हलवली. "आधी तिला," ते म्हणाले. चहा गार होत गेला. त्यांनी दुसऱ्यांदा फोन लावला नाही, तिची कामाची वेळ होती म्हणून. हातात फोन धरून नुसते बसून राहिले. मी आजवर इतक्या जणांना नोकरीला लावलं, पण निकाल लागल्यानंतरचा हा वेळ त्यांच्याबरोबर घालवायला मला कधी मिळाला नव्हता. माणसं 'लागली' असं कळवायची किंवा तेही कळवायची नाहीत आणि दारात पुढचा माणूस उभा असायचा. या एका गोष्टीची मला आता, बावखलाच्या काठी बसून, हळहळ वाटते. मी थोडं अधिक थांबायला हवं होतं. निदान चहापुरतं.

फोन वाजला. मांडवकर उभे राहिले. मुलीचा फोन घ्यायला उभे राहिले.

"लागली गो बाय," ते म्हणाले.

तिकडून काय आलं, ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी फोन कानापासून लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. "अगो, हळू. ऑफिसात आहेस ना तू?" भुवया वर गेल्या. त्यांनी फोन माझ्यापुढे केला.

"बाई, ही रडते की हसते, मला कळत नाही. तुम्ही जरा ऐका."

मी फोन कानाला लावला. दोन्ही चाललं होतं.